क्रँक वाकतो म्हणजे काय होतं? जास्त ताकदीची इंजिनं आणि मेन बेअरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मामांच्या शेडमध्ये मी क्रँक ग्राइंडिंग शिकलो. क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणारा इंजिनातला शाफ्ट, आणि ग्राइंडिंग म्हणजे तो घासून मापात आणणं. आता बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोला एका इंजिन मशीन शॉपमध्ये आहे. इथे काम येतं ते बहुतेक जुन्या व्ही-एट इंजिनांचं, म्हणजे शेव्हर्लेचं स्मॉल ब्लॉक आणि फोर्डचं ३०२ (असे आकडे घनइंचांतल्या क्षमतेचे). गिऱ्हाइकाला कारखान्यानं दिली त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकद हवी असते. गावाकडचे मित्र आणि पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी पोरं फोनवर जे विचारतात, तेच फिरून फिरून येतं. म्हणून एकदा लिहून काढलं.

एवढा जाडजूड क्रँक वाकतो तरी कसा?

हातात घेतला की तो ओंडका वाटतो, खरंय. पण क्रँक हा सरळ दांडा नाही. तो नागमोडी आहे. एका मेन जर्नलवरून, म्हणजे मेन बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावरून, ताकद वेबमधून, म्हणजे जोडणाऱ्या हातातून, वर चढते, पिस्टनचा रॉड बसतो त्या क्रँकपिनवर जाते, दुसऱ्या वेबमधून खाली उतरते. प्रत्येक वळणावर तो थोडा स्प्रिंगसारखा वागतो. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. पिस्टनच्या दाबानं तो मध्ये झुकतो, म्हणजे वाकतो. आणि पुढचं टोक मागच्या टोकाच्या मागेपुढे होतं, म्हणजे पिळला जातो. वाकणं आणि पिळणं यांचे उपाय वेगळे आहेत. लोक दोन्हीची गल्लत करतात आणि भलत्याच जागी पैसे घालतात.

वाकून वाकून किती वाकणार?

डोळ्याला दिसणारच नाही इतकं. पण बेअरिंगला डोळ्याचं माप चालत नाही.

६० मिमीच्या मेन जर्नलला साधारण ०.०६ मिमी ऑइल क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंगमध्ये ऑइलसाठी फट, देतात. जुना ठोकताळा असा की जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे पंचवीस मायक्रॉन. इंजिनावर पूर्ण जोर आला की जर्नल एका बाजूला दाबलं जातं आणि तिथे ऑइलचा थर उरतो एक-दोन-तीन मायक्रॉनचा. माणसाचा केस असतो सत्तर मायक्रॉनच्या आसपास. आता समजा वीस मिमी रुंदीच्या बेअरिंगमध्ये जर्नल इतकंच तिरपं झालं की एक कड दुसरीपेक्षा पाच मायक्रॉन खाली गेली. कडेला थर संपला, धातूला धातू लागला. पाच मायक्रॉन मोजायला माझ्या शॉपमधलं साधं मायक्रोमीटरही कामाचं नाही, पण मेटल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पाटी (वरची एक, खालची एक), ते बरोबर नोंदवून ठेवतं.

हा जोर येतो कुठून? ताकद वाढवली म्हणून, की आरपीएम वाढवले म्हणून?

दोन्हींतून, पण वेगवेगळ्या दिशेनं. हे नीट समजलं की पुढचं निम्मं सोपं होतं.

एक जोर जळणाऱ्या वायूचा. १०० मिमी बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये १०० बार दाब चढला की पिस्टनवर जवळजवळ आठ टन. टर्बो डिझेलमध्ये हाच दाब १८० बारपर्यंत गेला तर चौदा टनांच्या वर. हा जोर कायम खालीच येतो, म्हणून ब्लॉकला बसलेल्या वरच्या मेटलपेक्षा कॅपमधलं, म्हणजे खालून बोल्टनं कसलेल्या अर्ध्या भागातलं, खालचं मेटल जास्त मार खातं.

दुसरा जोर पिस्टन, रॉड आणि खुद्द क्रँकच्या फिरत्या वजनाचा. हा आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ६००० वरून ७२०० ला गेलात तर वेग वाढला वीस टक्के, जोर वाढला चव्वेचाळीस टक्के. यातला बराचसा भाग क्रँकबरोबर फिरत राहतो, म्हणून तो वरच्या मेटललाही सोडत नाही.

टर्बो लावून कमी आरपीएमला ताकद काढणारा आणि नऊ हजारांवर इंजिन किंचाळवणारा, हे दोघं सारख्याच अश्वशक्तीचे असले तरी त्यांची मेटलं वेगवेगळी मरतात.

मधलंच मेन बेअरिंग आधी का जातं?

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात याचं उत्तर क्रँक बाकावर ठेवला की दिसतं. एक आणि चार नंबरचे थ्रो, म्हणजे क्रँकपिनचे बाहेर आलेले कोपरे, एका बाजूला, दोन आणि तीन दुसऱ्या बाजूला. म्हणजे मधल्या मेनच्या दोन्ही अंगांचे थ्रो एकाच दिशेला ओढतात. दोन नंबरच्या मेनच्या शेजारी एक वर ओढतो तर दुसरा खाली, त्यांची बरीच फिटाफिट होते. मधल्याला ती सवलत नाही.

आपल्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश बीएमसीच्या बी-सिरीजचं. चार सिलिंडर आणि मेन बेअरिंग फक्त तीन. दर दोन थ्रोंना मध्ये आधारच नाही. टॅक्सीच्या वेगाला ते आयुष्यभर चाललं, कारण त्याच्याकडून कुणी फार मागितलंच नाही. याच कुळातलं १७९८ सीसीचं इंजिन एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये १९६२ साली तीन मेनवर आलं आणि १९६४ च्या अखेरीस कंपनीनं ते पाच मेनचं केलं. मामांच्या शेडमध्ये अँबॅसडरचे क्रँक रांगेनं टेकवलेले असत. मधलं जर्नल जास्त खाल्लेलं असणार हे आम्ही मापायच्या आधीच धरून चालायचो. कारण मला फार नंतर कळलं.

व्ही-एटचं गणित निराळं. अनेक जुन्या अमेरिकन व्ही-एट क्रँकना सहाच काउंटरवेट, म्हणजे तोलाची वजनं, असतात, मधल्या मेनच्या दोन्ही बाजूंना एकही नाही. बाहेरून बघाल तर तोल पक्का, बॅलन्सिंग मशीन तक्रार करत नाही. पण मधल्या दोन थ्रोंचा जोर टोकाकडच्या वजनांपर्यंत शाफ्टच्या आतूनच जातो आणि त्या वाटेत शाफ्ट वाकतो. म्हणून रेसिंगचे चांगले क्रँक आठ काउंटरवेटचे बनवतात. बॅलन्स झालाय म्हणजे वाकत नाही, असा अर्थ नाही.

खोलल्यावर मेटल कसं वाचायचं?

या सगळ्यात माझा आवडता भाग हा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली गोष्ट : मेटल काढून डब्यात टाकू नका. मी बाकावर जुना पेपर अंथरतो, वरची पाच मेटलं वरच्या ओळीत, खालची पाच खालच्या ओळीत, पुढचा मेन डावीकडे. मागच्या बाजूला मार्करनं नंबर. ऑइल पुसायचं ते मऊ फडक्यानं, घासायचं नाही. मग ट्यूबलाइट तिरपी पडेल असं उभं राहायचं. सरळ उजेडात सगळीच मेटलं चांगली दिसतात.

आता बघा. चांगलं चाललेलं मेटल मधल्या भागात एकसारखं मंद राखाडी असतं, कडांकडे आणि जोडाकडे फिकट होत जातं. कारखान्यानंच मेटल मध्ये जाड आणि जोडाजवळ पातळ केलेलं असतं, त्यामुळे जोडाजवळ घासल्याची खूणच नसायला हवी. ती दिसली तर एकतर कॅप सरकली आहे, नाहीतर बोअर, म्हणजे मेटल बसतं ते भोक, चिमटलं आहे. वरच्या मेटलला डावीकडे आणि खालच्याला उजवीकडे जोडापाशी चमक असेल तर कॅप एका बाजूला बसली होती, हे जवळजवळ नक्की.

दोन्ही कडा चमकताहेत आणि मध्य शाबूत? क्रँक वाकत असेल. पण त्याआधी जर्नल मध्ये बारीक आणि टोकांना जाड ग्राइंड झालंय का ते मापा, आणि जर्नलच्या कोपऱ्यातला रेडियस मेटलच्या कडेवर चढत नाही ना ते पाहा. मी स्वतः एकदा गिऱ्हाइकाला ‘तुझा क्रँक लवतोय’ असं छाती ठोकून सांगितलं होतं. निघाला मोठा रेडियस, मेटलला चँफरच, म्हणजे कडेचा तासलेला उतारच, पुरेसा नव्हता. रेडियस मीच ग्राइंड केला होता.

वरच्या मेटलची पुढची कड आणि खालच्याची मागची कड, अशी तिरकी जोडी खाल्लेली असेल तर बोअर तिरपं आहे.

सगळ्यात उपयोगी खूण मात्र ही. मधल्या मेनचं फक्त खालचं मेटल गेलंय आणि टोकांच्या मेनची वरची गेली आहेत, तर दोष ब्लॉकच्या सरळपणात. ब्लॉक जागेवर उभा असतो, म्हणून एकच बाजू खातो. मधल्या मेनची वरची आणि खालची दोन्ही मेटलं गेली आहेत, तर दोष फिरणाऱ्या वस्तूत, म्हणजे क्रँक कायमचा वाकडा आहे किंवा वेगात लवतो. या दोघांतला फरक काढायला क्रँक टोकांच्या मेनवर व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवा, मधल्या मेनला डायल गेज लावा आणि हातानं फिरवा. डायल एका थाऊच्या आत राहिला तर क्रँक सरळ आहे. सरळ क्रँकनं दोन्ही मेटलं खाल्ली असतील, तर तो चालताना लवतोय.

मग मेटल उलटं करा. पाठीवर तपकिरी ठिपके किंवा घासल्याच्या काळ्या खुणा असतील तर मेटल घरात घट्ट बसलं नव्हतं, थरथरत होतं. तशाच खुणा कॅप आणि ब्लॉक यांच्या जोडावर दिसल्या तर कॅप नाचत होती. नख फिरवा. नखाला लागेल अशी बारीक रेघ म्हणजे घाण गेली, त्याचा लवण्याशी संबंध नाही. पावडर सोडल्यासारखी खवल्या-खवल्यांची जागा म्हणजे थकवा, म्हणजे जोर मेटलच्या कुवतीबाहेर.

हे वाचल्याशिवाय नवीन क्रँक मागवणारी माणसं मी दर महिन्याला बघतो.

फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) क्रँक टाकला की वाकणं थांबेल ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

मजबुती आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४३४० या मजबूत मिश्र पोलादाचा महागडा क्रँक आणि साध्या पोलादाचा क्रँक, दोन्ही एकाच मापाचे असतील तर एकाच जोराखाली जवळजवळ सारखेच वाकतील. सगळ्या पोलादांचा लवचिकतेचा गुणांक २०५ ते २१० गिगापास्कलच्या घरात असतो, मिश्रधातू कुठलाही घ्या. फरक पडतो तो वाकून वाकून थकण्यात. साध्याला लवकर चीर जाईल, ४३४० लाखो फेरे जास्त सोसेल. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव, क्रँक नोड्युलर आयर्नचा असेल तर त्याचा गुणांक १६५-१७५ च्या आसपास, म्हणजे तो खरोखर जास्त लवतो. कास्टवरून फोर्ज्डवर गेलात तर थोडा कडकपणा मिळतो. फोर्ज्डवरून आणखी महाग फोर्ज्डवर गेलात तर मिळतं ते आयुष्य.

पुण्याला मुंढव्यात भारत फोर्जमध्ये क्रँक ठोकून तयार होतात आणि जगभरच्या इंजिनात जातात. फोर्जिंगमध्ये पोलादाचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात, आणि तो फायदा थकव्याविरुद्धचा आहे.

कडकपणा हवा असेल तर तो व्यासातून मिळतो, आणि तिथे तो चौथ्या घातानं मिळतो. जर्नलचा व्यास दहा टक्के वाढवला तर कडकपणा सेहेचाळीस टक्के वाढतो. शेव्हर्लेनं स्मॉल ब्लॉकचा मेन १९५५ ला २.३० इंच दिला, १९६८ पासून २.४५ केला आणि ४०० घनइंचांच्या इंजिनाला २.६५ दिला. पण व्यास वाढला की जर्नलच्या पृष्ठभागाचा वेगही वाढतो, ऑइल जास्त तापतं, म्हणून रेसिंगवाले उलट लहान जर्नल मागतात. तिथे रोज भांडणं होतात आणि दोन्ही बाजू बरोबर असतात.

स्ट्रोक वाढवला तर?

ओव्हरलॅप बघा. क्रँक टोकाकडून पाहिला तर मेन जर्नल आणि क्रँकपिन ही दोन वर्तुळं एकमेकांवर किती चढली आहेत, ते. दोन्ही व्यासांची सरासरी काढा आणि त्यातून अर्धा स्ट्रोक वजा करा.

शेव्हर्ले ३५० : मेन २.४५, पिन २.१०, स्ट्रोक ३.४८ इंच. ओव्हरलॅप ०.५३५ इंच, साडेतेरा मिमी. याच ब्लॉकमध्ये ३.७५ स्ट्रोकचा क्रँक घालून ३८३ करतात. लोकांनी हे सुरू केलं तेव्हा ४०० चा क्रँक घेऊन त्याचा २.६५ चा मेन २.४५ पर्यंत घासायचे. ओव्हरलॅप उरतो ०.४० इंच, दहा मिमी. म्हणजे एकीकडे हात लांब केला आणि दुसरीकडे त्याच्या मुळाशी मांस कमी केलं. ३८३ हे रस्त्यावर सुंदर इंजिन आहे, मी कितीतरी बांधली. फक्त त्याला ३५० च्या आरपीएमला पळवायचं आणि वर कास्ट क्रँक ठेवायचा, असा हट्ट धरू नका.

क्रँक वीसच्या मेटलला (जर्नल वीस थाऊ बारीक करून) ग्राइंड केला तर नरम पडतो का?

गणित करून बघा. ६० मिमीचं जर्नल अर्धा मिमी कमी केलं, कडकपणा घटला तीन टक्क्यांच्या थोडं वर. एक मिमी कमी केलं, साडेसहा टक्के. यानं इंजिन मरत नाही. मरतं ते कोपऱ्यातल्या रेडियसनं. घाईत चाक सरळ आत घालून कोपरा धारदार ठेवला की चीर तिथूनच सुरू होते. ‘जर्नल मापात आलं की अर्धं काम झालं, रेडियस आला की पैसे घे,’ असं मामा म्हणायचे. दुसरी गोष्ट, नायट्रायडिंग, म्हणजे पृष्ठभाग कठीण करण्याची प्रक्रिया, केलेला क्रँक असेल तर ग्राइंडिंगमध्ये तो कठीण थर जाऊ शकतो. पुन्हा करून घ्या, आणि त्याआधी मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबकानं चिरा शोधण्याची तपासणी.

चार बोल्टची कॅप, गर्डल, स्टड : यांनी काय होतं?

क्रँकला धरून ठेवणारा ब्लॉकच हलत असेल तर क्रँकला दोष देऊन काय फायदा? बऱ्याच वेळा ‘क्रँक वाकला’ म्हणतात तेव्हा मेन कॅप नाचत असते.

ठळक उदाहरण फोर्ड ३०२ चं. पातळ ओतीव ब्लॉक, दोन बोल्टच्या कॅप, बाजूच्या भिंती क्रँकच्या मध्यरेषेपाशीच संपलेल्या. बांधणाऱ्यांत सर्वमान्य आकडा ५०० अश्वशक्तीच्या आसपासचा. त्यापुढे मेन धरणाऱ्या भिंतीतून चीर निघते आणि लिफ्टर व्हॅलीतून, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या दरीतून, ब्लॉक उभा दुभंगतो. असा दुभंगलेला ब्लॉक मी पाहिला तेव्हा आधी नारळ आठवला. लोक त्याला गर्डल लावतात, म्हणजे सगळ्या कॅप एका जाड पट्टीनं जोडतात. कॅपचं नाचणं त्यानं कमी होतं, मेटलं बरी दिसतात. पण चीर कॅपच्या वरच्या ओतीव भागात असते, तिथे गर्डल पोचतच नाही. तेवढी ताकद हवी असेल तर वेगळा ब्लॉक घ्या. हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

शेव्हर्लेच्या चार बोल्टच्या ब्लॉकचं नाव फार झालंय. माझं मत असं की चांगल्या दोन बोल्टच्या ब्लॉकला पोलादी, बाहेरचे बोल्ट तिरपे असलेल्या कॅप बसवल्या तर तो कारखान्याच्या सरळ चार बोल्टपेक्षा सरस. तिरपे बोल्ट ब्लॉकच्या जाड भागात शिरतात. १९९७ च्या एलएस इंजिनात कंपनीनंच मोठा बदल केला : भिंती क्रँकच्या खाली उतरवल्या आणि दर कॅपला सहा बोल्ट दिले, चार उभे, दोन आडवे. आडव्या बोल्टची कल्पना नवी नव्हती, क्रायस्लरच्या ४२६ हेमीत ती १९६४ पासून होती.

आणि स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये बसवून वरून नट कसायचे दांडे. बोल्ट काढून स्टड घातले की ताण बदलतो आणि मेनचं भोक गोल राहत नाही. नव्या स्टडसह कॅप कसून, मापून, गरज असेल तर लाइन होनिंग, म्हणजे सगळी मेनची भोकं एका रेषेत घासून गोल करणं. नुसते स्टड बदलून इंजिन बंद करणाऱ्यानं जुनेच बोल्ट ठेवलेले बरे.

डॅम्पर काढून हलकी अॅल्युमिनियमची पुली लावली तर ताकद वाढते म्हणतात?

इंजिन हलकं फिरतं, हे खरं. पण क्रँकच्या पुढच्या टोकावरचा तो डॅम्पर नुसती पुली म्हणून लावलेला नसतो. क्रँकच्या पिळण्याला तो लगाम आहे. व्ही-एटमध्ये दर फेऱ्याला चार स्फोट, म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला चारशे ठोके. क्रँकची स्वतःची पिळण्याची लय त्या आकड्याच्या जवळ आली की झोपाळ्याला बरोबर वेळी धक्के दिल्यासारखं होतं. १९२९ च्या मे महिन्यात ग्राफ झेपेलिन हे हवाई जहाज अमेरिकेला निघालं असताना त्याच्या पाच मायबाख इंजिनांपैकी चार फ्रान्सवर एकामागून एक निकामी झाली. मूळ होतं क्रँकच्या पिळण्याच्या कंपनात.

गाडीत याच्या खुणा बारीक असतात. पुढचा बोल्ट सैल होणं, टायमिंग चेन लवकर ढिली पडणं, क्रँकवर बसलेल्या ऑइल पंपाचे गिअर तडकणं. निस्सानच्या आरबी२६ चे पंप यासाठी बदनाम आहेत. रबराचा डॅम्पर जुना झाला की बाहेरची कडी सरकते आणि टायमिंगची खूण खोटं बोलू लागते. पुढच्या मेनचं मेटल आणि ही सरकलेली कडी एकत्र दिसली तर मी डॅम्पर आधी बदलतो.

डॅम्पर वाकणं मात्र थांबवत नाही.

सुपरचार्जरच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या ब्लोअरच्या) पट्ट्यानं काही होतं का?

होतं. पट्टा क्रँकच्या नाकाला वर ओढतो, म्हणून पहिल्या मेनचं वरचं मेटल खाल्लेलं दिसतं, बाकी सगळी छान. स्मॉल ब्लॉकचं नाक सव्वा इंचाच्या जरा आत, बिग ब्लॉकचं १.६ इंच. कडकपणात ते पावणेतीनपट पडतं. म्हणून ब्लोअरवाले स्मॉल ब्लॉकच्या क्रँकला बिग ब्लॉकचं नाक मागून घेतात.

क्लिअरन्स जास्त ठेवू का? ऑइल जाड घालू का?

क्रँक लवणार असेल तर त्याला लवायला जागा हवी. म्हणून जास्त ताकदीच्या इंजिनात ठोकताळ्यावर अर्धा थाऊ जास्त देतात. पण नुसती जागा वाढवली तर ऑइल कडांतून पळून जातं. जागा, ऑइलचा जाडपणा आणि पंप हे तिघं मिळून ठरवायचे. मोजायचं ते बोअर गेजनं, कॅप पूर्ण टॉर्कवर कसून, उभ्या दिशेत. प्लास्टिगेज, म्हणजे दाबून फट मोजायचा प्लॅस्टिकचा धागा, घरगुती कामाला ठीक, पण अर्ध्या थाऊची भांडणं त्यावर सोडवू नका.

दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो पाळा, पण गेजवरचा दाब क्रँकला तोलून धरत नाही. पंप फक्त ऑइल पोचवतो. क्रँक तरंगतो तो फिरत्या जर्नलनं पाचरीसारखं ओढून घेतलेल्या ऑइलवर, आणि तिथला दाब गेजच्या कित्येक पट असतो.

कठीण मेटल चांगलं की मऊ?

तीन थरांच्या मेटलला पोलादी पाठ, मध्ये तांबं-शिसं आणि वर मऊ बॅबिटचा पंधरा-वीस मायक्रॉनचा मुलामा असतो. क्रँक लवून कडेला टेकला तर हा मुलामा स्वतः दबतो, जर्नलला सोडतो. अॅल्युमिनियम-सिलिकॉनचं मेटल कठीण, रोजच्या गाडीत लाख किलोमीटर चालेल, पण कडेला घासलं तर माफ करत नाही. लवणाऱ्या इंजिनात मी मऊ घालतो आणि लवकर बदलतो. चारशे किलोमीटरची शर्यत असेल तर मत बदलेल.

शर्यतीच्या गाड्या मग हजारो अश्वशक्ती कशी सोसतात?

सोसत नाहीत. टॉप फ्युएल ड्रॅगस्टर, म्हणजे सरळ रेषेत पळणाऱ्या सर्वांत ताकदवान शर्यतीच्या गाडीचं, ८.२ लिटरचं नायट्रोमिथेनवरचं इंजिन दर धावेनंतर खोलतात. चारेक सेकंद पळालेल्या इंजिनाची मेटलं पिटमध्ये हातोहात बाहेर येतात, कोणी एक ती उजेडात धरून बघतो आणि नवी बसतात. रॉड मुद्दाम अॅल्युमिनियमचे असतात, थोडा दणका तेच गिळतात.

उसाच्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवलाय. हे सगळं त्याला लागू आहे का?

आमच्याकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. लागू आहे, आणि कमी आरपीएममुळे सुटका होत नाही.

ऑइलची पाचर वेगावर उभी असते. जर्नल सावकाश फिरतंय आणि वरून दाब पूर्ण, तेव्हा थर सर्वांत पातळ. दोन ट्रॉल्या भरून कारखान्याच्या चढावर वरच्या गिअरमध्ये रेटत नेणं म्हणजे नेमकं तेच. पंप वाढवल्यावर डिझेल जास्त जळतं, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि खालचं मेटल मार खातं. एक गिअर खाली घ्या, इंजिनाला फिरू द्या. धूर काळा निघतोय याचं कौतुक करू नका. आणि ऑइल वेळेवर बदला, डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल या सगळ्यात भर घालतं.

बुलेटच्या क्रँकचं काय?

वेगळी जात. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा क्रँक दोन चाकं आणि मध्ये दाबून बसवलेली पिन असा जोडलेला असतो आणि मेन बेअरिंग बॉल-रोलरची. तो लवण्याआधी पिनमध्ये सरकतो. त्याचा ताळ बघायला कारागीर, हातोडी आणि डायल लागतो. इथली गणितं तिथे नेऊ नका.

इंजिन न खोलता मेन बेअरिंगचं कळेल का?

थोडंफार. इंजिन गरम असताना आणि आयडलला ऑइलचा दाब हळूहळू उतरत चालला असेल तर वही ठेवा, एकदाच बघून घाबरू नका. रॉडचा आवाज टक-टक असा हलका, थ्रॉटल सोडताना जास्त. मेनचा खोल, ढब-ढब, आणि लोडवर रेटताना.

ऑइल फिल्टर कापा. नुसता खोलू नका, कापा. कागदाच्या घड्या पसरा, चमकणारी रेती दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर पोलाद, कॅम-लिफ्टर-गिअरकडे बघा. चिकटली नाही आणि रंग राखाडी असेल तर वरचा मुलामा जातोय. तांबूस झाक असेल तर मुलामा संपून तांब्यापर्यंत पोचलंय, आणि इंजिन आजच बंद करून खालचं ऑइल पॅन उतरवायचं. वेळ कमी असेल तर मधली कॅप आधी खोला.